फुटाणे तोंडात, हात पाठीमागे

तुम्ही लोकांसाठी म्हणून काही तयार केलंत आणि ते फुकट वाटलंत, याचा तुम्हाला अभिमान असेल. असावाच. पण एक सांगा: ज्याच्यासाठी ते केलं असं तुम्ही म्हणता, त्या माणसाच्या हातात ते देऊन, स्वतःचं तोंड बंद ठेवून, तुम्ही कधी त्याच्या शेजारी बसलात का?

हा प्रश्न माझ्या वडिलांचा, अण्णांचा. मी फक्त तो कॉम्प्युटरवाल्यांच्या दारात नेऊन उभा केला.

परतूरला मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या गल्लीत, पत्र्याच्या एका खोलीत अण्णांचा छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणि भिंतीला लावलेले लाकडी खण. त्या खणांत शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर आमचं घर चालायचं आणि पत्रकांवर अण्णा चालायचे. शेतमजुरांचं पत्रक, जयंतीचं पत्रक, हुंडा देऊ नका म्हणणारं, अंगात येतं त्याला आधी डॉक्टरकडं न्या म्हणणारं. गुलाबी, पिवळा, पोपटी असा पातळ कागद असायचा. घामेजल्या बोटांना चिकटायचा. मी त्याच कागदांवर अक्षरं ओळखायला शिकले. माझ्या पुस्तकांना बिघडलेल्या पत्रकांची कव्हरं असत आणि गणिताचं कच्चं काम पत्रकांच्या पाठीवर. एकदा गणिताच्या बाईंनी माझा कागद तपासताना उलटला आणि मागचं सगळं पत्रक उभ्या उभ्या वाचून काढलं. माझं गणित साफ चुकलेलं होतं, ते तसंच राहिलं. त्या दिवशी मला पत्रकाची ताकद कळली.

पण पत्रक लिहून झालं की लगेच छापायचं, असं अण्णांकडं नव्हतं. ते आधी मोंढ्यातल्या चहाच्या हॉटेलात जायचं. तिथं जो हमाल, जी म्हातारी, जो कुणी बाजारहाट करून टेकलेला असेल, त्याला ते वाचून दाखवायचं. वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. ऐकणाऱ्यानं ते आपल्या बोलीत परत सांगायचं. त्यानं सांगितलेलं आणि लिहिलेलं जुळलं तर छापायचं, नाही तर पुन्हा लिहायचं. लिहिणाऱ्यानं तिथंच बाकावर बसायचं, पण गप्प. आता लिहिणारी माणसं कधी गप्प बसली आहेत? "म्हणजे मला असं म्हणायचंय की" ही त्यांची सवय काही केल्या जाईना. म्हणून अण्णांनी फुटाण्यांचा उपाय काढला. वाचन सुरू व्हायच्या आधी लिहिणाऱ्याच्या तोंडात मूठभर फुटाणे घालायचे. चावायचे नाहीत. आणि खुणा करू नयेत म्हणून हात पाठीमागे.

एकदा एका तरुण प्राध्यापकांनी पत्रक लिहून आणलं. शब्द असे की वाचणाऱ्याला मध्येच दम घ्यावा लागला. ऐकायला आष्टीहून आलेली एक म्हातारी होती. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "कुनाच्या तरी तेराव्याचं बोलावनं हाय वाटतं. मोठं घराणं असंल."

प्राध्यापकांचे गाल फुगलेले, डोळे लाल, हात मागे. हॉटेलवाल्यासकट सगळे हसले. अण्णा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सर, पत्रक एकटं जातं. तुम्ही काय त्याच्या बराबर घरोघर जाणार हायेत का?"

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा परकर-पोलक्यात होते. अजून मला दुसरं तत्त्वज्ञान लागलेलं नाही.

मग गावात डीटीपी आलं. खिळे जुळवून छापलेली पत्रिका लोकांना जुनाट वाटायला लागली. ट्रेडल मशीन भंगारात गेलं, त्या दिवशी अण्णा दिवसभर बाहेरच फिरत राहिले. खिळ्यांचे खण मात्र भिंतीलाच राहिले आणि मायनं त्यांचा ताबा घेतला. 'क'च्या खणात मोहरी, 'म'च्या खणात जिरं, 'ळ'च्या खणात सुया-बटणं. ती म्हणायची, "इतक्या वर्षांत यातून पह्यल्यांदा काही खायला मिळून राह्यलं."

आता पत्रक काढायचं म्हणजे डीटीपीच्या दुकानात जावं लागे. दुकानदार गोड बोलायचा. पण आसपासच्या सगळ्या पुढाऱ्यांच्या शुभेच्छांचे बोर्ड तोच करायचा. त्यामुळं अण्णांचं पत्रक त्याच्या हाताखालून गेलं की थोडं बारीक होऊन बाहेर यायचं.

नवं शतक नुकतंच लागलेलं. जवळच्या एका गावातल्या वस्तीवर पाण्यासाठी सभा भरायची होती, तिचं पत्रक काढायचं होतं. त्यात या चार ओळी होत्या:

नळाला पाणी येतं, पण आम्ही खुरपायला गेल्यावर.
ही वेळ कोण ठरवतं?
पाणी सोडायची किल्ली कुणाच्या घरी असते?
त्या घरचा हौद कधी कोरडा पडला का?

दुकानदारानं त्या चार ओळींवर बोट ठेवलं. "अण्णा, एवढ्या कमी करू. कागदाला जागा बी पुरत न्हाई."

"अक्षर बारीक कर की मंग."

"अक्षर बारीक करून काय व्हतंय? लोक डोळे बारीक करून वाचतेत."

अण्णा कागद घेऊन घरी आले. मी तेव्हा औरंगाबादला कॉम्प्युटर शिकत होते आणि शिकवण्याही घेत होते. सुट्टीला येताना मी एक जुना, जोडून घेतलेला कॉम्प्युटर आणि एक खरखरणारा प्रिंटर गाडीनं घरी आणला होता. मॉनिटर परतूरपर्यंत मांडीवर. आता आमचाच छापखाना, असं मी स्टेशनवरच जाहीर केलं होतं. पण त्यात घालायचं काय? दुकानातलं सगळं सॉफ्टवेअर चोरीच्या सीडीवरचं. पाण्याच्या हक्काचं पत्रक चोरीच्या सॉफ्टवेअरवर काढायचं, हे मला मान्य नव्हतं. आणि माझ्याकडं दुसरी वाट होती. ओपन सोर्स, म्हणजे असं सॉफ्टवेअर की जे कुणीही वापरावं, वाटावं, आत काय लिहिलंय ते उघडून बघावं, हवं तसं बदलावं. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर पत्रकच आहे! कुणाच्या मालकीचं नाही आणि वाटायलाच काढलेलं.

ते कॉम्प्युटरवर चढवायला मी माझ्या आतेभावाला बोलावलं. तो जालन्याचा, औरंगाबादला इंजिनिअरिंगला. दर रविवारी तिथं ओपन सोर्सवाल्या पोरांची बैठक भरायची. सगळ्यांत अवघड ते सगळ्यांत आधी ज्याला यायचं, तो तिथला राजा. राजा म्हणजे माझा आतेभाऊ. त्यांचा आपसातला पत्रव्यवहार ई-मेलवर चालायचा आणि त्यात कुणी नवखा शिरून काही विचारू लागला की आतेभाऊ एका ओळीत उत्तर द्यायचा: आधी मदतीची पानं वाच. ती पानं ज्याला आधीच सगळं येतं त्यालाच कळतील अशी लिहिलेली होती. यावरून आमचं रस्त्यात, बसमध्ये, आत्याच्या स्वयंपाकघरात, सगळीकडं भांडण व्हायचं.

तो आला, त्यानं दिवसभर खपून सगळं बसवलं. मी अण्णांना म्हटलं, "द्या ते पत्रक, मी टाइप करते."

अण्णा नाही म्हणाले. "सुट्टी संपली की तू औरंगाबादला जाशील, हा बी जाईल. पाण्याचा वांधा काय सुट्टी बघून व्हतो का? मला एकट्याला जमलं तर जमलं म्हणायचं. परवा त्या गावचा बाजार हाय, पत्रक तिथं वाटायचंय. तवर बघतो. न्हाई जमलं तर दुकानात जातो आन् त्या चार ओळी सोडून देतो. पत्रक निघंना त्यापेक्षा कमी निघालेलं बरं."

म्हणजे सगळं त्या चार ओळींवर आलं. माझी दोन वर्षं घोकलेली तत्त्वं आणि आतेभावाची राजेशाही, दोन्ही एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अण्णांची दोन बोटं.

अण्णा खुर्चीवर बसले आणि मायला हाक मारली. "फुटाणे आन."

माय हसायलाच लागली. आतेभावाला काही माहीत नव्हतं. मायनं त्याच्यासमोर वाटी धरली तसा तो म्हणाला, "नको मामी, आत्ताच जेवलो."

"खायला न्हाई, भाचेबुवा. धरायला." अण्णांनी मूठभर फुटाणे त्याच्या तोंडात घातले, मूठभर माझ्या. "बनवणारे तुम्ही दोघं. आता बोलायचं न्हाई. हात मागं."

आतेभावानं कॉम्प्युटर असा बसवला होता की सुरू केला की काळा पडदा यायचा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारलं जायचं. चित्रं बिघडतात, अक्षरं बिघडत नाहीत, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी मी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर बघून आपलं नाव टाइप केलं. मग पडद्यानं परवलीचा शब्द विचारला. अण्णांनी पहिलं बटण दाबलं. पडद्यावर काही उमटलं नाही. दुसरं दाबलं. काही नाही. तो शब्द कुणाला दिसू नये म्हणून मुद्दामच तसं केलेलं असतं. फुली नाही, टिंब नाही, काहीच नाही. हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी मान तिरकी करून पडद्याकडं बघितलं. "शाई न्हाई उमटून राह्यली."

मग त्यांनी छापखान्यात करायचे तेच केलं. ठसा पुसट आला की दाब वाढवायचा. ते प्रत्येक बटण अंगठ्यानं जोर लावून दाबायला लागले. टेबल हलायला लागलं. आतेभाऊ नाकानं "हं! हं!" करू लागला. मी त्याच्याकडं डोळे वटारले. कॉम्प्युटरनं शब्द चुकला म्हणून सांगितलं, तेही इंग्रजीत, आणि पुन्हा नाव विचारलं.

"आत्ताच तर सांगितलं," अण्णा पडद्याला म्हणाले. "आपल्या तहसीलसारखं करतंय हे. सारखं नावच इचारतंय."

तीन-चारदा तेच झालं. शेवटी अण्णा उठले, पायात चपला घातल्या आणि कागद खिशात ठेवला. "दुकानात जाऊन येतो."

मी फुटाणे वाटीत थुंकले आणि दारात आडवी उभी राहिले. "अण्णा, प्राध्यापक सरांचं पत्रक तेराव्याचं निघालं तेव्हा तुम्ही ते फाडलं होतं का? पुन्हा लिहायला लावलं होतं. आम्हाला पण उद्यापर्यंत द्या."

अण्णांनी मायकडं बघितलं. माय म्हणाली, "बरोबर बोलून राह्यली. काढा चपला."

मग आमच्या दोघांत जे पेटलं ते पत्र्याखाली मावेना. आतेभाऊ म्हणाला, "हे ज्यानं बनवलं त्यानं पगार घेतला न्हाई. त्याला स्वतःला पाहिजे होतं, त्यानं बनवलं आन् रस्त्यावर ठेवलं, ज्याला उचलता येतं त्यानं उचला. आता त्यानं काय घरी येऊन घास भरवायचे?"

"रस्त्यावर ठेवायचं असेल तर ठेव. पण त्यावर 'सर्वांसाठी' असं लिहू नको. 'माझ्यासारख्यांसाठी' असं लिही, मग मी भांडत नाही."

"आन् सोपं सोपं करत गेलं की माणूस आत बघायचं सोडून देतो. बटण दाबतो आन् गप्प बसतो. मंग त्या दुकानात आन् आपल्यात फरक काय राहिला, शहाणे?"

मी एवढंच म्हणाले, "आत बघायचा हक्क आहे ना? मग आधी आत तर येऊ दे. तू दारातच परीक्षा घेऊन राह्यलास."

"तू लई पत्रकं वाचलीस."

"तू एकबी न्हाई वाचलंस!"

माय म्हणाली, "दोघांच्या बी तोंडात फुटाणेच बरे होते."

पण त्यानं हात चालवायला घेतले, हे मी त्याच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. काळ्या पडद्यावरची नावाची चौकशी त्यानं बंद केली. कॉम्प्युटर सुरू झाला की एकच मोठं चित्र दिसेल असं केलं, त्याखाली मराठीत 'पत्रक'. त्यावर दाबलं की अर्ध्या कागदाच्या मापाचं कोरं पान उघडायचं, मराठी कळफलक आपोआप लागलेला. वर दोनच मोठी बटणं: 'ठेवा' आणि 'छापा'. मराठी शब्द मी हॉटेलात जाऊन विचारून आणले. बाकी सगळं त्याचं. मला ते जमलं नसतं. सोपं करायला त्यालाच सगळ्यात जास्त खोल जावं लागत होतं. ती गोष्ट त्यालाही गमतीची वाटायला लागली असावी, कारण मध्येच तो गुणगुणायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बैठक. फुटाणे तोंडात, हात मागे. अण्णांनी कॉम्प्युटर सुरू केला, 'पत्रक' दाबलं, कोरं पान आलं. कळफलकावरच्या अक्षरांची जागा शोधायला त्यांना वेळ लागला, पण खणांची जागा ज्याच्या हाताला पाठ असते त्याला नवी जागा पाठ करायची भीती नसते. दोन बोटांनी एकेक अक्षर. मथळा आला, सभेची जागा आणि वेळ आली, चार ओळी आल्या. मग 'ठेवा'. मग 'छापा'. प्रिंटर किंचाळायला लागला. माय कानावर हात ठेवून म्हणाली, "आपलं जुनं मशीन बरं होतं. ते तालात तरी वाजायचं."

गठ्ठा तयार झाला. आम्ही दोघं गाल फुगवून एकमेकांकडं बघत होतो. आतेभावाचे डोळे चमकत होते. जमलं होतं! आता फुटाणे खायलाही हरकत नव्हती. तेवढ्यात अण्णा पुन्हा खुर्चीवर बसले. पानाच्या शेवटी गेले आणि पुसायचं बटण दाबलं. शेवटचं अक्षर गेलं. त्याच्या आधीचं गेलं. मग त्याच्या आधीचं. एकेक करून, निवांतपणे, जसं काही रोजचंच काम आहे.

आतेभावाचे डोळे खोबणीतून बाहेर यायला आले. तो जागच्या जागी नाचायला लागला. पण अण्णांचा नियम मोडायची त्याची टाप नव्हती, आणि मला तर काय चाललंय तेच कळत नव्हतं. चार ओळी गेल्या. मथळा गेला. पान कोरं झालं. अण्णांनी नवी चिठ्ठी बघितली, 'काम झालं की ठेवा दाबा' असं मीच लिहिलं होतं. त्यांनी 'ठेवा' दाबलं. कोरं पान ठेवलं गेलं.

"झालं," अण्णा आमच्याकडं वळून म्हणाले. "अक्षरं सुटी करून परत खणात टाकली. आता पुढच्याला कमी न्हाई पडणार."

फुटाणे उडाले. आतेभावाचे तर थेट भिंतीवर. "मामा! ती संपत न्हाईत!"

"काय संपत न्हाई?"

"अक्षरं! यात खिळे न्हाईत मामा. कितीबी वापरा. तुम्ही वापरली म्हणून दुसऱ्याला कमी न्हाई पडत."

छापखान्यात छपाई झाली की जुळवलेले खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे असतात, नाही तर पुढच्या कामाला अक्षरं उरत नाहीत. अण्णांनी आयुष्यभर ते केलं होतं. ते खुर्चीवर मागे टेकले. "पाण्याच्या पत्रकात 'प' नेहमी कमी पडायचा," ते म्हणाले. "शेवटच्या ओळीत 'जल' लिहावं लागायचं. आन् इथं 'प' संपतच न्हाई म्हणतोस?"

"न्हाई संपत."

"आन् हे अख्खं सॉफ्टवेअर? दुसऱ्याला दिलं तर?"

"ते बी न्हाई संपत, मामा. तेच तर."

मी दोन वर्षं अण्णांना ओपन सोर्स समजावून सांगत होते. भाषणं दिली होती. त्यांना ते त्या क्षणी कळलं, आणि माझ्या भाषणानं नाही. ते इतके हसले की मायला वाटलं ठसका लागला.

एवढ्यात दारात वस्तीवरची एक बाई आली, नळाच्या भांडणात सगळ्यांत पुढं असायची ती. डोक्यावरचं ओझं खाली न ठेवताच म्हणाली, "अण्णा, सभेला शाळेचा व्हरांडा न्हाई मिळत. आता विहाराम्होरं जमायचं ठरलंय. पत्रक छापून तर न्हाई ना झालं?"

गठ्ठा टेबलावर होता. प्रत्येक कागदावर 'शाळेच्या व्हरांड्यात' असं छापलेलं. आणि पडद्यावर कोरं पान. बाजार उद्यावर. मी टाइप करते म्हटलं तर अण्णा ऐकणार नव्हते; पुन्हा सगळं दोन बोटांनी जुळवायचं म्हणजे त्यांना संध्याकाळ होणार, आणि वस्तीवर गठ्ठा घेऊन जाणारी जीप दुपारची.

अण्णांनी चपलांकडं बघितलं. दुकानदार अर्ध्या तासात करून देईल, चार ओळी सोडून. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"थांबा मामा." आतेभावानं खुर्ची ओढली. तोच काळा पडदा उघडला. भराभर ओळी टाइप केल्या, मला काही वाचताही आल्या नाहीत. आणि पत्रक परत आलं. मथळ्यापासून चार ओळींपर्यंत, सगळंच्या सगळं. पत्रक नव्यानं ठेवताना ते सॉफ्टवेअर आधीची प्रत गुपचूप बाजूला ठेवत होतं.

त्या क्षणी मी त्याच्या तज्ज्ञपणाला मनातल्या मनात सलाम केला. तोंडानं नाही केला.

अण्णा पडद्यावर वाकले. "भाच्या, हे व्हतं कुठं?"

"इथंच व्हतं मामा. ते नेहमीच ठेवतं. फक्त सांगत न्हाई."

"का सांगत न्हाई?"

आतेभावाच्या तोंडात आता एकही फुटाणा नव्हता. त्यानं मायच्या वाटीतले चार उचलून आपणहून तोंडात टाकले.

अण्णांनी 'शाळेच्या व्हरांड्यात' पुसलं, 'विहारासमोर' लिहिलं. एवढंच. बाकी पत्रक तसंच उभं. त्यांनी ते त्या बाईला वाचून दाखवलं आणि परत सांगायला लावलं. ती ओझं खाली ठेवून म्हणाली, "म्हंजे किल्ली त्यायच्या खिशात आन् घागर आमच्या डोक्यावर, हे आता चालायचं न्हाई. असंच ना?"

"असंच," अण्णा म्हणाले. 'छापा' दाबलं. जीप निघायच्या आत गठ्ठा पोचला.

बाजारात मीही वाटायला गेले. लोकांनी भाजीच्या पिशव्या काखेत मारून पत्रक वाचलं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी शेजारच्याला वाचायला लावलं. सभा झाली. पाण्याची वेळ बदलली. बाया शेतावरून आल्यावर पाणी यायला लागलं. काही महिन्यांनी ती वेळ पुन्हा हळूच सरकली. तेव्हा अण्णांनी मला फोन करून सांगितलं, "पत्रक काढलं. फक्त तारीख बदलली. बाकीचा मजकूर काही खणात टाकला न्हाई, जपून ठेवल्ता." एवढा आनंद मी त्यांच्या आवाजात मशीन भंगारात गेल्यापासून ऐकला नव्हता.

आतेभावानं मला न सांगता एक काम केलं. ते लिहिण्याचं सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं होतं, त्यांना त्यानं पत्र लिहिलं: जुनी प्रत ठेवता ती समोर दाखवा, परत आणायला एक बटण द्या. कुठल्या तरी देशातून एकाचं उत्तर आलं, की छापून झाल्यावर सगळं पुसून टाकणारा माणूस असतोच कशाला? त्यावर माझ्या आतेभावानं, एका ओळीत उत्तरं देणाऱ्या राजानं, पानभर लिहून शिशाचे खिळे, लाकडी खण, आणि 'प' कमी पडल्यावर 'जल' कसं लिहायचं, हे सगळं समजावून सांगितलं. बटण पुढं आलं की नाही हे मला माहीत नाही. पण रविवारच्या बैठकीला तो आता खिशात फुटाण्यांची पुडी घेऊन जातो. नवखा आला की त्याला खुर्चीत बसवतो आणि पुडी राजांमध्ये फिरवतो.

ओपन सोर्स तज्ज्ञांसाठी असावं की नवख्यांसाठी, या वादात मला तुम्ही कुठल्याही बाजूला उभे राहिलेले चालाल. आतेभाऊ अजून म्हणतोच की काळा पडदा काढून टाकू नका, आणि त्याचं बरोबर आहे. पत्रक त्या पडद्यातूनच परत आलं. माझं म्हणणं इतकंच की पत्रक एकटं जातं. सॉफ्टवेअरही एकटंच जातं. तुम्ही त्याच्या बराबर घरोघर जाणार नाही.

म्हणून एक काम करा. हे वाचून झालं की पंधरा दिवसांच्या आत तुम्ही बनवलेलं, नाही तर तुम्हाला फार आवडणारं एखादं मुक्त सॉफ्टवेअर, ज्यानं ते कधी हातात धरलं नाही अशा एका माणसासमोर ठेवा. तुमच्या मावशीसमोर, शाळेतल्या शिपायासमोर, भाजीवाल्यासमोर. त्याचं स्वतःचं खरं काम त्याला त्यावर करू द्या. तुम्ही शेजारी बसा. फुटाणे तोंडात, हात पाठीमागे. आणि तो जिथं अडला, जिथं त्यानं जास्त जोर लावून बटण दाबलं, जिथं त्यानं पुढच्यासाठी म्हणून काही पुसून टाकलं, ते जसंच्या तसं लिहून बनवणाऱ्यांना पाठवा. फुटाणे त्यानंतर खा.